आक्कांची दवाखान्याची पिशवी

"आक्का दवाखान्यात आहेत, असाल तशा निघा," असं मी कळवणला फोन करून सांगितलं, तेव्हा पलीकडून सुमनताईंनी विचारलं, "आज कोणाला घेऊन गेली ती?" एकदम 'गेल्या' असं सांगू नये म्हणून मी दवाखान्याचं नाव पुढे केलं होतं. सुमनताई म्हणजे आक्कांच्या पाठची सख्खी बहीण, आणि आक्का माझ्या थोरल्या नणंद. मग निफाडला ह्यांना फोन लावला. हे द्राक्षबागेच्या छाटणीसाठी गावी गेले होते. त्यांनीही तेच विचारलं, "कोणाला काय झालं?" त्या संध्याकाळी मी जेवढ्यांना फोन केले, त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की आक्काच पेशंट असतील. मला त्यांचा राग आला नाही. आक्का दवाखान्यात आहेत म्हटलं की दुसरं कोणीतरी आजारी असणार, हे आमच्या घराण्यात इतकं पक्कं होतं... दवाखान्यातल्या माणसांचीही तीच समजूत झाली आणि तिथंच घात झाला. आता महिना उलटून गेला, तरी मी फिरून फिरून तिथंच येऊन अडते.

आक्कांचं नाव शकुंतला, पण ते फक्त रेशनकार्डावर. माहेर निफाडकडचं, म्हणजे माझं सासर. दाजींना, म्हणजे आक्कांच्या यजमानांना, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्या सिडकोत राहायला आल्या. पुढे आम्हीही त्यांच्या मागच्या गल्लीत घर घेतलं. ज्याचं नाशिकला घर आहे त्याच्याकडे गावाकडची माणसं दोन कारणांनी येतात, एक गंगेवर जायला आणि दुसरं दवाखान्यात जायला. गंगेवर ज्याचा तो जातो. दवाखान्यात जायला मात्र आक्का लागायच्या. कोणाच्या सुनेचं बाळंतपण अडलं, कोणाला बागेत फवारताना गरगरलं, कोणाच्या म्हाताऱ्याची लघवी बंद झाली, की गावातून गाडी निघायच्या आधी आक्कांना फोन यायचा. गाडी पोचेपर्यंत आक्का दवाखान्याच्या फाटकात हजर असायच्या. खांद्याला ती पिशवी.

पिशवी जाड खाकी कापडाची, त्यांनी स्वतःच शिवलेली. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला ती कायम भरलेली लटकत असायची. निळ्या चौकड्यांची एक चादर, स्टीलचा पेला, थर्मास, सुरी, साबणाचा तुकडा, जुना स्वेटर आणि सुतळीचा गुंडा. सुतळी कशाला, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. "सलाईन टांगाया. स्टँड कधीच नसतं," आक्का म्हणाल्या होत्या. दवाखान्यातून आलं की ती चादर गरम पाण्यात भिजायची, कडक उन्हात वाळायची, इस्त्री होऊन यायची आणि घडी घालून पुन्हा पिशवीच्या तळाशी जायची. दुसऱ्या कशासाठी तिला हात लावलेला चालत नसे. एकदा मी कुरडया घालायला मागितली, तर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की त्या वर्षी कुरडया करायच्याच राहून गेल्या.

मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण दवाखान्यात आक्का अजिबात चांगल्या वागायच्या नाहीत. भांडायच्या, मध्ये घुसायच्या आणि बेधडक खोटं बोलायच्या. नुसतं पोट दुखत असलं तरी "रक्ताची उलटी झाली हो साहेब," असं सांगून मोकळ्या व्हायच्या. वर पेशंटला दम, "कण्हत राहा. गप पडला ना, तुला कोणी बघणार नाय." आमचे एक चुलत सासरे इतके मनापासून कण्हले, की घरी आल्यावरही त्यांची सवय सुटेना. डॉक्टरीतलं म्हणाल तर आक्कांना ओ की ठो कळत नव्हतं. सगळ्या रोगांवर शहाळं चांगलं आणि सगळ्या रोगांत केळं वाईट, एवढंच त्यांचं वैद्यक. सिस्टर त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायच्या. पण पेशंटकडे कोणीतरी येऊन बघायचं, हे खरं. आक्का असल्या की बघायचेच.

त्यांचा नियम एकच होता. पेशंटला आडवं करायचं आणि आपण उभं राहायचं. बाकावर जागा असली तरी त्या टेकायच्या नाहीत. पाय सुजले तरी नाही. मी एकदा सोबत गेले आणि दमून बाकावर बसले, तर दंडाला धरून उठवलं मला. "बसायचं नाय, मंदा. बसलं का ते विसरून जाता. उभं माणूस डोळ्यात खुपतं."

हे त्या कुठं शिकल्या, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आम्ही दोघी दुपारची मेथी निवडत बसलो होतो. दाजींना जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. हातातली जुडी सोडता सोडता आक्का सांगायला लागल्या. दाजींना कामावरून आल्यावर झटका आला, तोंड वाकडं झालं. रिक्षात घालून नेलं. तिथं कोणीतरी म्हणालं, बाई, बसा तिकडं, बोलावतो. "मी बसले. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. नवी होते ना गं शहरात. वाटायचं, मोठी माणसं हायेत, त्यांना कळतं, बोलावतील. कोणाच्या घरी पाहुणी गेल्यासारखी बसले बघ... मांडी हलवली नाय. त्यांनी बोलावलं तवा हे गार झाल्ते." एवढंच. पुढे त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हशीला घालायच्या म्हणून शेजारच्या गोठ्यात देऊन आल्या. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही.

त्या दिवशी मी सकाळची कामं आटोपून त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. त्यांचा मुलगा विलास कामावर होता, सून तिच्या शाळेत. आक्का ओट्याला हात टेकून उभ्या होत्या. कपाळावर घाम होता. "पित्त झालंय. छातीवर कोणी बसल्यावानी वाटतंय," म्हणाल्या. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. एरवी हजार कारणं सांगितली असती. त्या दिवशी मुकाट्यानं "चल" म्हणाल्या. पण तशातही त्यांनी तोंड धुतलं, घरातलं लुगडं बदलून बाहेरचं नेसल्या, केसांवरून फणी फिरवली. दवाखान्यात गबाळ्यासारखं गेलं की हाकलतात, हे त्यांचं नेहमीचं. मग खिळ्यावरची पिशवी काढून खांद्याला लावली. मी घेते म्हटलं तर दिली नाही. "तुला त्यातलं काय कुठं हाय ते ठावं नाय."

त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. लिहून काय होणार? आणि दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलो असतो तर वेगळं घडलं असतं, अशी खात्री माझ्याजवळ नाही. फाटकावरचा वॉचमन आक्कांना ओळखत होता. "या आक्का, आज कोणाला आणलं?" म्हणाला. "आज मीच आले," आक्का म्हणाल्या. तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, चेष्टा करताहेत. आत सोडताना म्हणाला, "पेशंटजवळ एकच नातेवाईक हां, तुम्हाला तर माहितीच आहे."

कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. मजुरांनी भरलेली एक पिकअप कुठेशी उलटली होती आणि ती सगळी माणसं तिथंच आणली होती. प्रत्येक खाटेवर कोणीतरी विव्हळत होतं. जमिनीवर रक्ताचे थेंब, त्यावर चपलांचे ठसे. एक तरुण डॉक्टरीण, माझ्या मुलीच्या वयाची, एकटी इकडून तिकडे पळत होती. मी तिला गाठून सांगितलं, यांच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय. तिनं आक्कांना विचारलं, "काय होतंय मावशी?" आणि जगाच्या पोटदुखीला रक्ताची उलटी लावणाऱ्या आमच्या आक्का म्हणाल्या, "काय नाय बाई, जरासं पित्त हाय." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्यासाठी खोटं बोलताना ज्यांची जीभ कधी अडखळली नाही, त्यांना स्वतःसाठी खरंसुद्धा सांगता येईना. लाजल्या त्या. मी म्हटलं, "पित्त नाही हो, डॉक्टर, रंग बघा त्यांचा." तिनं नाव विचारून एका कागदावर लिहिलं, म्हणाली, "ईसीजी काढून घ्या, मशीन वरच्या वॉर्डात गेलंय, येईलच. तोवर तिकडं बसा." आणि ती दुसऱ्या खाटेकडे धावली. तिला तरी काय बोलू? तिच्या एप्रनच्या बाहीवर दुसऱ्याचं रक्त होतं.

'बसा' म्हटल्यावर आक्कांचा चेहरा बदलला. त्या बसेनात. भिंतीशी एक बाक होता, त्यावर जागाही होती. मी विनवलं, हात धरला, रागावलेसुद्धा. "आक्का, आज तुम्ही पेशंट आहात. तुम्ही पडा, मी उभी राहते." तर म्हणाल्या, "तुला जमत नाय. तू कोणाला ओरडत नाय." आणि खाटेच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. त्या खाटेवर एक मजूर बाई होती, सुरगाण्याकडची, डोक्याला मार लागलेली, जवळ आपलं असं कोणी नाही. ती सारखं पाणी मागत होती. आक्कांनी पिशवीतून पेला काढला, दोन बोटं ओली करून तिच्या ओठांना लावली. आणि पुढच्या सिस्टरला हाक मारली, "ओ सिस्टर, हिच्याकडं बघा आधी, हिची टकुऱ्याची पट्टी भिजली." हाक कसली, कुजबुज होती ती. पण सवय कुठं जाते? मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, इतका राग आला... तो राग अजून गेलेला नाही आणि आता तो कोणावर काढायचा हेही कळत नाही.

तेवढ्यात एक मोठे डॉक्टर आले. त्यांनी गर्दी बघितली आणि सगळ्यांवर खेकसले, "नातेवाईक बाहेर! सगळे नातेवाईक बाहेर व्हा!" वॉर्डबॉय आमच्यापाशी आला. नीटनेटकं लुगडं, खांद्याला पिशवी, हातात पेला, खाटेशी उभी बाई... त्यानं आक्कांना त्या मजूर बाईची नातेवाईक समजून दाराकडे वळवलं. मी ओरडले, हो, मीसुद्धा ओरडले, "अहो, या पेशंट आहेत!" तो म्हणाला, "कुठल्या खाटेवरच्या?" खाट नव्हतीच. "मग खाट मिळाली की या," म्हणाला. आक्का पेला पिशवीत ठेवून दाराकडे चालू लागल्या. आयुष्यभर त्यांना 'पेशंटची नातेवाईक' हीच ओळख मिळाली होती, ती त्यांनी त्या दिवशीही घेतली.

बाहेर व्हरांड्यात आम्ही भिंतीशी उभ्या राहिलो. मी तीनदा-चारदा दारात गेले. वॉचमन कोणी दुसराच आला होता, तो आत सोडेना. विलासला फोन लावला, तो अंबडहून निघाला होता, द्वारका चौकातल्या वाहतुकीत अडकला होता. एका सिस्टरला पकडलं, तिनं थांबा म्हटलं. एका शिकाऊ डॉक्टरला पकडलं, त्यानं आत विचारा म्हटलं. आतला माणूस बाहेर थांबा म्हणत होता. आक्कांनी जे जे शिकवलं होतं ते सगळं मी केलं, दारात उभी राहिले, आवाज चढवला, खोटंही बोलले, चक्कर येऊन पडल्या म्हणून सांगितलं. "कुठं पडल्यात? उभ्या तर आहेत," तो माणूस मान वाकडी करून बघून म्हणाला. मी परत येऊन आक्कांना म्हटलं, "पाया पडते तुमच्या, खाली बसा. आडव्या व्हा इथंच." त्यांनी 'नाही' म्हणून नुसती मान हलवली. ओठ पांढरे पडले होते.

मागाहून कळलं, त्याच वेळी आत ईसीजीचं मशीन आलं होतं. शकुंतलाबाई, शकुंतलाबाई, अशी हाकही मारली होती म्हणे. कोणी ओ दिली नाही, म्हणून मशीन पुढच्या पेशंटकडे गेलं. एका दाराच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते मशीन. आतल्या कण्हण्या-ओरडण्यात ती हाक बाहेर ऐकू आली नाही.

शेवटचं बोलल्या ते माझ्याशीच. माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाल्या, "तू बस गं जरा. तुझे गुडघे दुखता." आणि पाठ भिंतीला लावून सावकाश खाली घसरल्या. पिशवी खांद्यालाच होती.

मग सगळे आले. स्ट्रेचर आलं, खाट निघाली, ऑक्सिजन आला, तीच तरुण डॉक्टरीण स्टुलावर चढून दोन्ही हातांनी छाती दाबत राहिली. दाबता दाबता ती रडत होती की घाम होता, मला सांगता येणार नाही. मला कोणी बाहेर काढलं नाही. उलट एकानं खुर्ची आणून दिली. थोड्या वेळानं ते मोठे डॉक्टर माझ्याजवळ आले. आवाज अगदी हळू, समजुतीचा. म्हणाले, "आणायला उशीर केलात हो तुम्ही." मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुपारपासून इथंच आहोत, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. आक्का असत्या तर बोलल्या असत्या.

विलास आला, त्यानं आकांत केला, तक्रार करायची म्हणाला. चार जाणती माणसं जमली. त्यांनी त्याला बाजूला नेऊन समजावलं, तक्रार केली की चिरफाड आली, आईची ती दशा करतोस का? त्यानं तक्रारीचा विषय सोडला. निघताना फाटकावर पहिला वॉचमन परत आला होता. गाडीत आक्कांना बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि "मला वाटलं गंमत करताहेत..." असं काहीतरी पुटपुटत गाडीच्या मागे थोडं अंतर चालत आला.

तेराव्यानंतर सुनेनं पिशवी माझ्याकडे आणून दिली. तिला घरात ती बघवत नव्हती. मलाही कुठं बघवत होती? मी न उघडताच दारामागे अडकवून ठेवली. गेल्या आठवड्यात गावाकडून फोन आला. ह्यांच्या चुलतभावाची सून, रंजना, पोटात भयंकर दुखतंय म्हणून तिला नाशिकला आणत होते. भावजी म्हणाले, "आक्का तर नाय आता. वहिनी, तुम्हीच या." मला जमत नाही, असं म्हणणार होते. पण तोवर माझा हात खिळ्याकडे गेला होता.

दवाखाना तोच. तोच वॉचमन. त्यानं पिशवी बघितली, मग मला बघितलं आणि उठून उभा राहिला. रंजना माझ्या खांद्यावर रेलली होती, कोणीही ओळखावं अशी. तरी त्यानं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं नीट बघून विचारलं, "यातलं पेशंट कोण? नीट सांगा." आत पुन्हा तीच गर्दी, तेच "बसा तिकडं". बाक थंडगार होता. मी पिशवीत हात घातला आणि तळाची चादर काढली. इस्त्रीची घडी जशीच्या तशी होती. त्या दिवशी आक्का ती चादर खांद्याला घेऊन उभ्या होत्या, त्या थंड फरशीवर कोसळल्या तेव्हाही ती त्यांच्या अंगाशीच होती, आणि ती उलगडायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी घडी मोडली. बाकावर चादर अंथरली आणि रंजनाला म्हटलं, "पड तू. आणि कण्हत राहा." ती संकोचली. "काकी, तुमचे गुडघे... तुम्ही पण बसा ना," म्हणाली. मी तिला आडवं केलं, चादरीचं टोक पोटावर ओढलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ झाला होता. अजून कोणी आलं नव्हतं.